मॅकबेथची भाकितं: खरी, तरीही फसवी

बोरच्या जंगलाजवळच्या हिंगणी गावातल्या माणसाला कोणी सांगितलं, ‘हे जंगल चालत गावात येईल तेव्हाच तुझा घात होईल’, तर तो निर्धास्त झोपेल. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये (सुमारे १६०६) नेमकं हेच घडतं. शि. म. परांजप्यांनी याच नाटकावरून ‘मानाजीराव’ लिहिलं, तर वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’.

चेटकिणी मॅकबेथला राजपदाचं भाकीत सांगतात. राजाचा खून कर, असं मात्र सांगत नाहीत. ते तो आणि त्याची बायको ठरवतात. पुढे मायावी आकृती त्याला दोन हमी देतात: स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला इजा करणार नाही आणि बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर येईपर्यंत तू हरणार नाहीस. ‘सरदार मॅकडफपासून सावध राहा’ हा इशाराही मिळालेला असतो, पण या हमीपुढे तो फिका पडतो. शेवटी शत्रूचे सैनिक त्याच रानातल्या फांद्या तोडून, त्यांच्या आडून चाल करून येतात. आणि मॅकडफ आईचं पोट चिरून, अकाली काढलेला निघतो. हिरण्यकशिपूच्या वराला होती, तशीच इथेही शब्दांत फट आहे.

दृष्टान्तांचं गणित वेगळं. चेटकिणी मॅकबेथचा साथी सेनानी बँको यालाही दिसतात. पण हवेतला खंजीर आणि मॅकबेथनेच मारवलेल्या बँकोचं मेजवानीतलं भूत एकट्या मॅकबेथलाच. म्हणून ही दृश्यं अपराधी मनाची, असा अर्थ बहुधा लावला जातो.