पोस्टरची घडण (५) : मेरिलिनचा काळा थर

पॉप आर्टच्या धाटणीचं पोस्टर म्हटलं की नायिकेचा एकच फोटो चार चौकटींत, चार भडक रंगांत, असं काहीतरी समोर येतं. संगणकावर ते दोन मिनिटांत होतं आणि दिसतंही तसंच. मला ते फार खटकतं, कारण अँडी वॉरहॉलचं मूळ काम नीट पाहिलं तर पोस्टर करणाऱ्याच्या हाती याहून कितीतरी अधिक लागतं.

मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२मध्ये गेली आणि लगेचच वॉरहॉलने तिची चित्रं करायला घेतली. त्यासाठी त्याने वापरला तो 'नायगारा' (१९५३) या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो. म्हणजे पॉप आर्टमधलं सर्वांत गाजलेलं व्यक्तिचित्र मुळात सिनेमाच्या जाहिरातीतूनच आलेलं! मूळ फोटोत खांदे आणि पोशाखही दिसतात. वॉरहॉलने ते छाटून नुसता चेहरा ठेवला.

मग छपाई. तंत्र सिल्कस्क्रीनचं, आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तेच: चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर उतरवलेला फोटो, रबरी पट्टीने ओढलेली शाई. वॉरहॉल कॅनव्हासवर आधी रंगाचे सपाट तुकडे भरून घेई. केसांना पिवळा, चेहऱ्याला गुलाबी, पापण्यांना निळा, ओठांना लाल. त्यावर काळ्या शाईत फोटो छापला जाई. जवळून पाहा: पापणीवरचा निळा पापणीत मावत नाही, ओठांचा लाल कडेबाहेर सरकलेला असतो. तरीही ती मेरिलिनच आहे, कारण चेहऱ्याची ओळख काळ्या थराने पक्की धरून ठेवलेली असते. म्हणूनच रंगांना हवं तसं वागता येतं.

लंडनच्या टेट संग्रहालयाकडे असलेल्या 'मेरिलिन डिप्टिक'मध्ये असे ५० चेहरे आहेत. डावीकडचे २५ रंगीत, उजवीकडचे २५ नुसते काळे. उजवीकडे एका रांगेत शाई इतकी दाटली आहे की चेहरा बरबटतो, आणि कडेला जाताजाता तो पुसट होत जातो. पुनरावृत्ती करायची तर अशी, तिच्यात काहीतरी घडलं पाहिजे. चार चौकटींच्या पोस्टरमध्ये काहीच घडत नाही.

तेव्हा काम काळ्यापासून सुरू करावं. फोटोला एका बाजूने कडक उजेड हवा. सगळीकडून सारखा उजेड असेल तर काळा थर हाती लागतच नाही. नुसता काळा थर छापून भिंतीवर लावा आणि दुरून पाहा. नट ओळखू आला, तर तीन रंग पुरतात. नावाची अक्षरंही त्याच काळ्यात घ्यावीत, म्हणजे ती चिकटवल्यासारखी वाटत नाहीत.

फोटो मात्र स्वतः काढलेला किंवा रीतसर परवानगी घेतलेला असावा. गायक प्रिन्सचा लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१मध्ये काढलेला फोटो वॉरहॉलने चित्रांसाठी वापरला होता. त्यातलं नारिंगी चित्र २०१६मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं आणि वाद कोर्टात गेला. २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला.

पुढच्या आठवड्यात रॉय लिक्टनस्टाइनचे ठिपके.