सजीव वृक्षांचें सुतारकाम

सुतार खुर्ची करावयास बसतो, तेव्हां तिचें झाड केव्हांच मेलेलें असतें. कुऱ्हाड, करवत, रंधा आणि शेवटीं खिळे, अशी लाकडाची वाट ठरलेली आहे. झाड जमिनींत उभें असतांनाच त्यास खुर्चीचा, शिडीचा किंवा कमानीचा आकार देतां येईल काय, हा प्रश्न प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेंतील दोन गृहस्थांनीं त्याचें उत्तर प्रत्यक्ष करून दाखविलें.

यांत जादू नाहीं. झाडाच्या सालीखालीं एक पातळ, ओलसर व सजीव थर असतो. आंतलें लाकूड आणि बाहेरची साल हीं दोन्हीं त्याच थरापासून वाढतात. दोन फांद्यांची साल जागच्या जागीं तासून त्या एकमेकींस घट्ट बांधल्या, तर कांहीं काळानें दोहोंचे थर एकजीव होतात व सांधा लाकडाचाच बनतो. कोंकणांतील माळी आंब्याचें भेटकलम बांधतो, तें याच नियमावर. माळ्यास फळ हवें असतें. या दोघांस आकार हवा होता, इतकाच भेद.

जॉन क्रुब्सॅक हे विस्कॉन्सिन राज्यांतील पेढीवाले. १९०३ सालीं त्यांनीं मेपलच्या जातीच्या झाडाचें बीं पेरलें, पुढें रोपें कोंवळेपणींच वांकवून बांधलीं आणि सांध्यांवर कलमें केलीं. अकरा वर्षें वाट पाहून १९१४ सालीं त्यांनीं खुर्ची कापून घेतली. १९१५ सालच्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनांत ती मांडली होती.

कॅलिफोर्नियांतील शेतकरी ॲक्सेल अर्लंडसन यांनीं मात्र झाडें कापलीं नाहींत. आपोआप जुळलेल्या फांद्या पाहून १९२५ च्या सुमारास त्यांस ही कल्पना सुचली. आकृति कागदावर काढावी, रोपांस चौकटीचा आधार द्यावा आणि वर्षानुवर्षें छाटीत, बांधीत राहावें, हा त्यांचा क्रम. सहा सिकॅमोर झाडें वर्तुळांत लावून त्यांनीं एक टोपली वाढविली. तिच्या विणींत शंकरपाळ्यांच्या आकाराचीं भोकें आहेत. १९४७ सालीं स्कॉट्स व्हॅली येथें ही बाग लोकांस खुली झाली. तिचें नांव ‘वृक्षांची सर्कस’.

हें कसें साधतें असें कोणीं विचारलें, तर आपण झाडांशीं बोलतों, एवढेंच ते सांगत. कृति त्यांनीं कोणास शिकविली नाहीं. १९६४ सालीं ते वारले. पुढें निगा न राहिल्यामुळें कित्येक झाडें वाळलीं. उरलेल्यांपैकीं बरींच १९८५ सालीं मुळांसकट काढून गिलरॉय गांवीं हलविण्यांत आलीं. तेथील बागेंत ती टोपली अजून उभी आहे.

माळी आपल्या मुलास कलम बांधावयास शिकवितो, म्हणून कलमी आंबा गांवोगांव पसरला. अर्लंडसन यांचीं झाडें वांचलीं, पण हातोटी त्यांच्याबरोबर गेली. ज्या कामास एक आयुष्य पुरत नाहीं, तें हातीं घेणारानें रोपांबरोबर एखादा शिष्यही वाढवावा.