मिठाचा लगाम

हर्णे बंदरात गर्दी असते ती लिलावातल्या पापलेट-सुरमईच्या ढिगांभोवती. पण जिवंत माशाची करामत पाहायची असेल तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यालगत साचलेल्या उथळ पाण्यात डोकावावं. बोटभर लांबीची बोयांची पिल्लं तिथे संथपणे फिरत असतात. पाण्यात पाऊल टाकलं, की सगळी पसार! मी हा खेळ कितीतरी वेळा केला आहे. एकही पिल्लू गोंधळून जागच्या जागी थांबलेलं पाहिलं नाही.

या चपळाईचं गुपित मेंदूत आहे. बहुतेक माशांच्या मेंदूच्या मागच्या भागात डावी-उजवीकडे एकेक भलीमोठी चेतापेशी असते. लुडविग माउथनर यांनी १८५९ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डावीकडून धोका आला की डावी पेशी चेतते, उजव्या अंगाचे स्नायू आखडतात आणि मासा चंद्रकोरीसारखा वाकून उजवीकडे निसटतो. हे सारं डोळ्याची पापणी लवण्याआधी! पण त्याच क्षणी उजवी पेशी आणि डाव्या अंगाचे स्नायू गप्प बसवावे लागतात. दोन्ही बाजू एकदम आखडल्या, तर पळणार कसं?

गप्प बसवण्याचं हे काम करतो क्लोराइड. सोडियम आणि क्लोराइड हे आपल्या रोजच्या मिठाचेच दोन घटक. चेतापेशीच्या आवरणात त्यांच्यासाठी सूक्ष्म दारं असतात. सोडियमचं दार उघडलं की पेशी चेतते. क्लोराइडचं उघडलं की ऋण विद्युतभार आत शिरतो आणि पेशीला चेतवणं अवघड होतं. घोड्याच्या भाषेत सांगायचं तर सोडियम ही टाच आणि क्लोराइड हा लगाम. या लगामाच्या दारांना किल्ल्याही असतात. मज्जारज्जूत मुख्यतः ग्लायसीन आणि मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन.

किल्ली चालली नाही तर काय होतं? आपल्याकडच्या ओढ्या-नाल्यांतला झेब्रा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. त्यातल्या एका वाणात ग्लायसीनची दारं जन्मतःच बिघडलेली असतात. त्या पिल्लाला नुसता स्पर्श केला, तरी दोन्ही बाजू एकदम आखडतात आणि शरीर पेटीच्या भात्यासारखं आक्रसतं. पळणं राहतं बाजूला.

हेच माणसातही घडू शकतं. कोकणच्या रानात काजऱ्याला नारिंगासारखी गोल फळं लागतात. आत चपट्या, बटणासारख्या बिया. त्यांतलं स्ट्रिक्नीन हे विष १८१८ साली फ्रान्समध्ये वेगळं काढण्यात आलं. ते ग्लायसीनच्या दारालाच कुलूप घालतं. रोग्याचं भान शाबूत असतं, पण नुसतं दार आपटलं तरी शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. धनुर्वाताचे जंतू दुसरी युक्ती करतात. त्यांचं विष ती किल्ली पेशीतून सुटूच देत नाही.

मेंदूतल्या ‘गाबा’च्या लगामाचा संबंध तर पुष्कळ घरांशी येतो. टाच आणि लगाम यांचा तोल ढळला, की मेंदूतल्या असंख्य पेशी एकदम चेततात. यालाच आपण फिट, आकडी किंवा फेफरं म्हणतो. त्यावर फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ मध्ये आलं, डायझेपाम १९६३ मध्ये. दोन्ही क्लोराइडच्याच दारावर काम करतात. पहिलं ते दार जास्त वेळ उघडं ठेवतं, दुसरं ते वारंवार उघडायला लावतं.

आणि आपण काय करतो? नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतो. एसटी स्टँडवर मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. झटका ओसरला, की श्रेय चपलेला! वास्तविक बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. अशा वेळी रोग्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावं. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तडक दवाखाना गाठावा.

अपस्माराचा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली वगळण्यात आला. लग्न जुळवताना मात्र अजूनही तो लपवला जातो, आणि लपवण्यासाठी गोळ्या बंद केल्या जातात. यात खरा घात आहे, कारण गोळ्या अचानक सोडल्या तर झटका अधिक जोराने उलटतो. मुलीला फिट येते म्हणून तोंड लपवणाऱ्या आई-बापांना एवढंच सांगावंसं वाटतं, की हा कुणाचा शाप नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. मेंदूतला तोल ढळतो, आणि पुष्कळ रोग्यांत तो औषधाने सावरताही येतो. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका.