रोडावलेल्या गुरांची निगा : सुरुवात कुठून करावी?



गोसीखुर्द आणि पवनी तालुक्याच्या आसपासच्या बहुतेक गावांत एक चित्र सारखेच दिसते. कोठ्यात आठ-दहा ढोरे बांधलेली असतात, पण घरच्या चहाला दूध विकत आणावे लागते. बरगड्या दुरून मोजता येतात, अंगावरचे केस राठ झालेले असतात, गाय दोन-दोन वर्षे फळत नाही आणि वासरू झाले तर पावसाळा काढत नाही. अशा वेळी पुष्कळांच्या मनात येते की ही गावठी गुरे काढून टाकावीत, कर्ज घ्यावे आणि एखादी संकरित गाय आणावी.

थोडे थांबा. ज्या कोठ्यात गावठी गाय उपाशी राहते, त्या कोठ्यात संकरित गाय आधी उपाशी राहील. तिला चारा जास्त लागतो, ऊन सोसत नाही आणि आजार लवकर धरतो. म्हणून कामाचा क्रम नीट समजून घ्या. आधी पोटातले जंत आणि अंगावरची गोचीड, मग पाणी आणि मीठ, मग चारा आणि सर्वांत शेवटी जात. हा क्रम उलटा केला की पैसा जातो आणि गायही जाते.

चराई का कमी पडली?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. धरण झाले, पाणी अडले. त्याबरोबर नदीकाठची पुष्कळ जमीन बुडीत क्षेत्रात गेली आणि अनेक गावे नव्या गावठाणात गेली. घर नवे मिळाले, पण जुने आखर आणि जुने गायरान सोबत आले नाही. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाल्यावर त्या बाजूच्या जंगलातही पूर्वीसारखी गुरे सोडता येत नाहीत. उरले ते झुडपी जंगल आणि पडीत. तिथे बारा महिने सगळ्या गावाची ढोरे फिरतात, म्हणून गवत वाढायच्या आधीच खुडले जाते. गाय दिवसभर चालते, पण पोट भरत नाही. जेवढे खाते, तेवढे चालण्यात जिरते.

पहिले काम : पोटांचा हिशेब

पाटी-पेन्सिल घ्या, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला लिहायला सांगा.

आपल्याकडची गाय साधारण २५० किलो वजनाची धरू. तिला दर १०० किलो वजनामागे रोज २ ते २.५ किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे ५ ते ६ किलो. बांधीतले खुंट आणि धुऱ्यावरचे गवत जानेवारीपर्यंत पुरते. फेब्रुवारी ते जूनअखेर हे १५० दिवस खरे टंचाईचे. रोज ६ किलोप्रमाणे एका जनावराला ९ क्विंटल तणीस लागेल.

आता तुमच्याकडे किती आहे ते बघा. ढोबळमानाने जेवढे धान, तेवढीच तणीस निघते. तीन एकरांत एकरी १२ क्विंटल धान झाले, तर तणीस ३६ क्विंटल. त्यातली काही भिजते, काही सडते, काही बांधीतच राहते. हाती ३० क्विंटल राहील. त्यात तीन जनावरे पोटभर जगतात. तुमच्याकडे दहा असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज २ किलो येते. दोन किलोत गाय मरत नाही, पण दूध देत नाही, फळत नाही आणि बैल नांगराला टिकत नाही. दहा अर्धपोटी गुरांपेक्षा चार भरल्या पोटाची गुरे घराला जास्त देतात, आणि शेणखतही चांगले देतात.

तुम्ही म्हणाल, कमी करायची कशी? हा प्रश्न खराच अवघड आहे. आपल्या राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. म्हाताऱ्या जनावराला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून कळप जन्मापासूनच आवरावा लागतो. गावात मोकाट फिरणारे खुरटे गोऱ्हे वेळेवर दवाखान्यात नेऊन चिमट्याने खच्ची करून घ्या. कामाची जोडी वेळेवर विका, म्हातारी होईपर्यंत ठेवू नका. अंग भरल्याशिवाय कालवड भरवू नका. जास्तीची चांगली कालवड नात्यात, शेजारात, ज्याच्याकडे चारा आहे त्याला द्या. दोन-तीन वर्षांत कळप आपोआप आवाक्यात येतो.

दुसरे काम : जंत आणि गोचीड

उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की काठावर हिरवेगार गवत येते. सगळी ढोरे तिकडे धावतात. मामा तलावाच्या काठीही असेच होते. परंतु या ओल्या काठावर लहान गोगलगायी असतात आणि त्यांच्यापासून पानाच्या आकाराचे चपटे कृमी गवतावाटे जनावराच्या पोटात जातात. ते काळजात, म्हणजे यकृतात, घर करतात. जनावर खाते पण लागत नाही, हगवण लागते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज येते. ही सूज दिसली की समजा, रोग जुना झाला आहे.

उपाय असे :

१. कोठ्यातल्या जनावरांचे ताजे शेण वेगवेगळ्या पुडीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. गोल जंत, पट्टकृमी आणि चपटे कृमी यांची औषधे वेगवेगळी असतात. मेडिकलवाला देईल ती गोळी सगळ्यांना चारू नका.

२. जंताचे औषध पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा द्यावे. गाय गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. काही औषधे गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत चालत नाहीत.

३. वासराला १० ते १५ दिवसांचे असताना पहिला डोस आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे द्या. वासरे दगावतात त्यात जंतांचा वाटा मोठा आहे.

४. पाण्याला लागून असलेल्या पट्ट्यात गुरे चारू नका. तिथले गवत हवेच असेल तर वरून कापा आणि कडक उन्हात चांगले वाळवूनच घाला. त्याने धोका बराच कमी होतो.

५. गोचीड जनावराच्या अंगावर असते त्यापेक्षा जास्त कोठ्याच्या भेगांत असते. भेगा लिंपून घ्या, चुना मारा. औषध अंगावर आणि कोठ्यात एकाच दिवशी फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा. गुरांना औषध चाटू देऊ नका.

याच वेळी लसी टोचून घ्या. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्याच्या आधी, लाळ्या-खुरकूतची वर्षातून दोनदा. २०२२ साली लम्पी रोगाने राज्यात किती गुरे नेली हे तुम्ही पाहिले आहे, तिची लसही चुकवू नका. जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला मारून घ्या. सरकारी सेवेसाठी तो लागतो.

तिसरे काम : पाणी आणि मीठ

यात खर्च सर्वांत कमी आणि फरक लवकर दिसतो. मोठ्या जनावराला रोज ३० ते ४० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दिवसातून एकदा तलावावर नेऊन हे भागत नाही. कोठ्याजवळ टाके ठेवा आणि विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणी दिवसातून तीनदा दाखवा. पाणी कमी पडले की जनावर कोरडी तणीस खात नाही.

तणशीत कॅल्शियम नीट मिळत नाही. म्हणून मोठ्या जनावराला रोज ३० ग्रॅम मीठ आणि ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. जी ढोरे चिंध्या, माती, हाडके चघळतात, त्यांच्या शरीरात क्षार कमी पडले आहेत असे समजा.

चौथे काम : तणीस सुधारा

तणशीत प्रथिने फक्त ३ ते ४ टक्के असतात. तिच्यावर युरियाची प्रक्रिया केली तर ती मऊ होते, जनावर आवडीने खाते आणि अंगी लागते.

रीत अशी. १०० किलो कोरडी तणीस घ्या. ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. तणशीचा थर अंथरा, त्यावर हे पाणी झारीने सारखे शिंपडा, पायाने दाबा, पुन्हा थर द्या. शेवटी प्लॅस्टिकने हवाबंद झाका आणि २१ दिवस उघडू नका. नंतर लागेल तेवढीच काढा आणि तासभर मोकळ्या हवेत पसरून उग्र वास उडू द्या. पहिला आठवडा साध्या तणशीत थोडी थोडी मिसळून सवय लावा.

सावध राहा. माप वाढवू नका. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असे कधीही ठेवू नका, त्याने जनावर तासाभरात दगावू शकते. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि अगदी उपाशी, खंगलेल्या जनावराला ही तणीस देऊ नका. त्यांना आधी साध्या चाऱ्यावर सावरू द्या.

आपल्याकडे धानानंतर बांधीत लाखोळी फेकतात. तिचे कुटार, धुऱ्यावरच्या तुरीचे कुटार, हरभऱ्याचे आणि उडदाचे कुटार ही खरी दौलत आहे. तणशीपेक्षा त्यात प्रथिने जास्त. ते उघड्यावर भिजू देऊ नका. राईस मिलमधला बारीक कोंडा चांगला, मात्र ताजा घ्या, कारण तो लवकर खवट होतो. टरफलाचा भुसा खाद्य म्हणून घेऊ नका.

ढेप महाग आहे. ती मूठमूठ सगळ्यांना वाटली तर कोणालाच लागत नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत असलेली गाय, नुकतीच व्यालेली गाय आणि वाढती कालवड यांनाच आधी द्या. गाभण गाईला रोज एक ते दीड किलो ढेप-कोंडा मिळाला तर वासरू दणकट होते, गाय दुधाला चांगली लागते आणि पुन्हा लवकर माजावर येते.

पाचवे काम : कुरण राखा

हे एकट्याचे काम नाही, गावाचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. गुरे कुरणात सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचे, हा नियम गावाने केला. तिथला पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी. तरी गवत वाढले आणि दूधही वाढले.

आपल्याला सगळे कुरण एकदम बंद करणे जमणार नाही. ग्रामसभेत ठरवून त्याचे दोन भाग करा. एक भाग जून ते सप्टेंबर बंद ठेवा आणि दुसरा चराईला मोकळा ठेवा. पुढच्या वर्षी उलट करा. गवत फुलोऱ्यावर आले की कापा. कुसळे पडेपर्यंत थांबलात तर हाती काडीच उरते. बंद भागात पहिल्या पावसात स्टायलोचे बी फेका. धुऱ्यावर शेवरी लावा. कालव्याचे पाणी पोहोचत असेल तर दोन-चार गुंठे नेपियर किंवा रब्बीत बरसीम करा. बरसीम उपाशी पोटी एकदम घालू नका, पोट फुगते. बेशरम आणि गाजरगवत कुरणातून उपटून टाका.

गायकीला यात सामील करून घ्या. कोणते जनावर मागे राहते, कोणते हगवते, कोणते माजावर आले, हे त्याला आधी कळते.

शेवटचे काम : जात

आता जातीचा विचार करा. पूर्व विदर्भातल्या काठाणी गुरांची स्वतंत्र जात म्हणून देशपातळीवर नोंद झाल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली भागातली ही गुरे धानाच्या चिखलात कामाला तरबेज, अंगाने लहान, त्यामुळे थोड्या चाऱ्यात भागवणारी. दूध आणि काम दोन्ही हवे असेल तर वर्धा-नागपूरकडची गवळाऊ आहे. तुमच्या कोठ्यातल्या गाईंमधून उत्तम दोन-तीन निवडा आणि त्यांना चांगल्या वळूची किंवा कृत्रिम रेतनाची जोड द्या. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवा. मात्र गाय हाडावर असेल तर ती माजच दाखवणार नाही. म्हणून तर पोट आधी!

संकरित गाय आणायचीच असेल, तर एक वर्ष थांबा. ज्या वर्षी तुमच्या कोठ्यात जूनअखेरीला तणशीचा ढीग शिल्लक राहील, त्या वर्षी आणा.

लक्षात ठेवा

या आठवड्यात : गुरे मोजा, तणीस मोजा, शेण तपासायला द्या.
या महिन्यात : जंताचे औषध, गोचीड, मीठ, खनिज मिश्रण, पाण्याचे टाके.
धान निघाल्यावर : तणीस गंजीत नीट झाका, थोड्या तणशीवर युरिया प्रक्रिया करून बघा.
पावसाळ्याआधी : लसी, ग्रामसभेत कुरणाचा ठराव.

जनावर अचानक आजारी पडले तर जवळचा दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.

औषध आणि पोटभर चारा मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांत गुरे अंग धरताना दिसतील. सगळी गुरे एकदम सुधारायला जाऊ नका. एका गाईपासून सुरुवात करा. ती सावरली की घरच्यांचा विश्वास बसेल, शेजारीही विचारायला येतील. त्यांना हे पत्रक वाचून दाखवा.