कर्ज काढलंच नाही, तरी वसुलीचा फोन? एक रुपया भरण्याआधी कागद मागा

सोलापूर : भरदुपारी फोन येतो. समोरचा माणूस नाव बरोबर घेतो, गाव बरोबर सांगतो, आधारचे शेवटचे चार आकडेही सांगतो. "काका, तुमच्या नावावर 43 हजार थकलेत. आज पाच हजार टाका, बाकीचं सेटलमेंट करून देतो. नाहीतर उद्या पोरं घरी येतील." काका म्हणतात, "अहो साहेब, मी कर्जच काढलं नाही." त्यावर पलीकडचं उत्तर ठरलेलं असतं, "सगळे असंच म्हणतात."

मोहोळ असो, माढा असो की अक्कलकोट, गावात इज्जत जाईल या भीतीनं माणूस पाच हजार टाकून मोकळा होतो. घात तिथंच होतो. कर्ज तुमचं नव्हतं तर पैसे का भरले, असा प्रश्न पुढं कोर्टात आला की उत्तर देणं अवघड जातं. साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला कायद्यानं साधारण तीन वर्षांची मुदत आहे. त्या मुदतीत तुम्ही थोडी रक्कम भरली किंवा कर्ज मान्य असल्याचं लिहून दिलं, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणून भरणा नाही, सही नाही, आणि व्हॉट्सॲपवर "थोडी मुदत द्या" असं लिहायचंही नाही.

आपल्या नावावर कर्ज येतं कुठून? परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड साखर कारखान्याचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर बँकांकडून परस्पर कर्ज उचलल्याच्या आरोपावरून 2017 मध्ये गुन्हा दाखल झाला. आपण कर्जदार आहोत हे कित्येक शेतकऱ्यांना बँकेची नोटीस हातात पडल्यावरच कळलं. डिसेंबर 2020 मध्ये ईडीनं 255 कोटींची मालमत्ता जप्त केल्याचं जाहीर केलं. सोलापूर हा कारखान्यांचा जिल्हा. तोडणी-वाहतुकीच्या करारासाठी, ठिबकसाठी, गाडीच्या कोटेशनसाठी आधार, पॅन आणि सातबाराच्या झेरॉक्स आपण किती ठिकाणी दिल्यात, याचा हिशोब कुणाकडंच नसतो. महिलांच्या गट कर्जात एकीच्या अंगठ्यावर दुसरीच पैसे उचलते, असंही घडू शकतं. कधी नुसता नावसारखेपणा असतो, तर कधी तुमचा मोबाईल नंबर आधी दुसऱ्या कुणाचा असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे आठवून बघा : मित्राच्या ट्रॅक्टरला किंवा पाहुण्याच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली होती का? केली असेल तर "मी कर्ज घेतलं नाही" हे उत्तर चालत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. वडिलांचं कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. वारसावर जबाबदारी येते ती वारसानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

फोनवर वाद घालू नका. एजंटचं नाव, एजन्सीचं नाव, कोणत्या बँकेची किंवा फायनान्सची वसुली आणि कर्ज खात्याचा नंबर, एवढं विचारून वहीत लिहून घ्या. ओटीपी, जन्मतारीख, खातं नंबर काही सांगू नका. मग पत्र एजन्सीला नाही, थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. मजकूर एवढा पुरे :

"आपल्या वतीनं अमुक तारखेला अमुक नंबरवरून मला वसुलीचा फोन आला. हे कर्ज मी घेतलेले नाही व मला मान्य नाही. कर्जाचा अर्ज, करारनामा, माझी म्हणून असलेली सही, केवायसीची कागदपत्रे आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील द्यावा. खुलासा होईपर्यंत वसुली थांबवावी आणि क्रेडिट अहवालातील नोंद दुरुस्त करावी."

यातला पैसे कोणत्या खात्यात गेले हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सही खोटी करता येते, पण पैसा गेलेलं खातं कुणाचं ना कुणाचं असतंच. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. जुनी रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच मिसळली आहे, पोहोच हवी तर काउंटरवर तसं सांगा. सोबत ईमेलही करा, पोराला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं काम सिबिलचं. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एकाच कंपनीचा बघून थांबू नका, चारही काढा. अनोळखी कर्ज दिसलं की तिथंच ऑनलाईन तक्रार नोंदवता येते. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. पीक कर्ज अडायला नको असेल तर हे काम हंगामाआधीच उरका.

संस्थेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तक्रार फुकट आहे, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. मात्र आधी संस्थेकडं लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून तर ती पावती.

आता पतसंस्थेचं. इथं लोक हमखास चुकतात. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही, तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं करायची. आणि सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधक कार्यालयाची नोटीस आली, तर ती कपाटात टाकू नका. दिलेल्या तारखेला हजर राहून सही माझी नाही, कर्ज माझं नाही, असं लेखी म्हणणं द्या आणि पोच घ्या. गैरहजर राहिलात तर वसुली दाखला निघू शकतो. नंतर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुली रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. न घेतलेल्या दोन लाखांसाठी एक लाख भरायची वेळ येते. एका तारखेचा एसटी खर्च त्यापुढं काहीच नाही.

लोकअदालतीची नोटीस आली की घरात रडारड सुरू होते. तसं कारण नाही. दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं, वॉरंट नव्हे. जा आणि कर्ज मान्य नाही एवढंच सांगा. तडजोडीवर सही मात्र करू नका, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. कोऱ्या चेकचं तेवढं बघा. तुमचा सही केलेला चेक कुणाकडं असेल आणि तो वटला नाही म्हणून नोटीस आली, तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

वसुलीवाल्यांनाही नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, मायक्रोफायनान्सला तर नऊ ते सहाचीच वेळ. शिवीगाळ, धमकी, पाहुण्यांना-शेजाऱ्यांना फोन करणं, चारचौघांत अपमान करणं, हे रिझर्व्ह बँकेला चालत नाही. दारात आला तर ओळखपत्र आणि संस्थेचं अधिकारपत्र मागा. तुमचं नसलेल्या कर्जापोटी गाडी, शेळी, मोबाईल उचलायचा त्याला काही अधिकार नाही. दमदाटी झाली तर रेकॉर्डिंगसह पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ऑनलाईन ॲपचा प्रकार असेल तर 1930 वर फोन करा. कागदपत्रं वापरून फसवणूक झालीय असं दिसलं, तर तेही तक्रारीत लिहा आणि तिची प्रत बँकेला पाठवा. बँका त्या प्रतीची दखल पत्रापेक्षा लवकर घेतात, असा एकूण अनुभव.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडं जा किंवा 15100 वर विचारा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

प्रकरण मिटलं, तर हे कर्ज तुमचं नाही असं संस्थेकडून लेखी घ्या आणि दोन महिन्यांनी सिबिल पुन्हा बघा. तेच खातं दुसऱ्या एजन्सीच्या यादीत गेलेलं असतं आणि वर्षभरानं नवाच माणूस फोन करतो. तेव्हा त्या पत्राचा फोटो पाठवायचा आणि फोन ठेवायचा.