उत्क्रांतीच्या आडवाटा – ९ : निम्मी अंडी का मरतात?

वसंतात युरोपातल्या एखाद्या तळ्याकाठी धीर धरून बसलं, तर तुरेवाल्या न्यूटची मादी अंडी घालताना दिसते. पाण्यातल्या वनस्पतीचं एक पान ती मागच्या पायांनी धरते, त्याची घडी घालते, आत एकच अंडं ठेवते आणि पान दाबून बंद करते. मग दुसरं पान, दुसरं अंडं. बेडकीसारखा अंड्यांचा पुंजका एका दमात पाण्यात सोडून देणं तिला जमत नाही. एका हंगामात अशी दोनशे ते चारशे अंडी ती एकेक करून जपून ठेवते.

आणि त्यातली निम्मी मरतात. मासे किंवा किडे खातात ती वेगळी. ही निम्मी अंडी आतूनच मरतात. सुरुवातीला सगळे गर्भ सारखेच वाढतात. डोकं कळू लागतं, शेपटीचा कोंब फुटतो आणि नेमक्या त्या टप्प्यावर अर्ध्या गर्भांची वाढ थांबते. नीट पाहिलं तर मरणाऱ्यांत दोन प्रकार दिसतात. काहींची शेपटी जाड आणि आखूड राहते, तर काहींची बारीक. तळं स्वच्छ असो की गढूळ, ब्रिटनमधलं असो की तुर्कस्तानातलं, प्रमाण तेच.

मागच्या लेखांकात आपण खेचराच्या वांझपणाबद्दल बोललो. दोन जातींच्या संकरातून जन्मलेल्या जीवात गुणसूत्रं एकमेकांशी जुळत नाहीत आणि वंश तिथेच थांबतो. तुरेवाल्या न्यूटमध्ये मात्र संकर नसतानाही, अस्सल एका जातीच्या नर-मादीच्या पोटी, दर पिढीला अर्धी संतती जाते. आणि तरीही हा वंश कोट्यवधी वर्षं टिकून आहे.

न्यूट आपल्या फारसा ओळखीचा नाही. सह्याद्रीत बेडूक आहेत, भेक आहेत, पाय नसलेली देवगांडुळं आहेत, पण शेपटी असलेला उभयचर नाही. तो पाहायचा तर दार्जिलिंगच्या डोंगरांत जावं लागतं, तिथे हिमालयीन न्यूट आहे. आजची गोष्ट ट्रायटुरस या युरोपीय प्रजातीची आहे. तिच्यात सध्या दहा जाती मानल्या जातात आणि त्यांचा पसारा ब्रिटन-स्कँडिनेव्हियापासून कॅस्पियन समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत आहे. त्यांचे दोन गट. एक तुरेवाल्यांचा, ज्यांच्या नरांना विणीच्या काळात पाठीवर दातेरी तुरा येतो. दुसरा संगमरवरी न्यूटचा, हिरव्या-काळ्या नक्षीचा, स्पेन, पोर्तुगाल आणि फ्रान्समधला.

गुणसूत्रांच्या अभ्यासकांना न्यूट पहिल्यापासून आवडतो, कारण त्याची गुणसूत्रं अवाढव्य असतात. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरं आहेत, न्यूटच्या जनुकसंचात वीस अब्जांच्या आसपास. हा सगळा मजकूर फक्त बारा जोड्यांत मावलेला, त्यामुळे एकेक गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली ठसठशीत दिसतं. १९६० मध्ये कॅलन आणि लॉइड यांनी या न्यूटच्या अंडपेशींतल्या गुणसूत्रांचे बारकाईने नकाशे काढले, तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या जोडीत त्यांना विसंगती दिसली. जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांसारखी नव्हती. पुढे १९८० मध्ये लेस्टर विद्यापीठातले हर्बर्ट मॅकग्रेगर आणि हेदर हॉर्नर यांनी उलगडा केला. पहिल्या गुणसूत्राची दोन रूपं आहेत. आपण त्यांना १अ आणि १ब म्हणू. जिवंत राहिलेल्या प्रत्येक न्यूटमध्ये, मग तो नर असो वा मादी, एक १अ आणि एक १ब असतंच. दोन्ही १अ मिळाले तर गर्भ मरतो, दोन्ही १ब मिळाले तरी मरतो.

आता हिशेब सोपा आहे. आई-बाप दोघेही १अ-१ब. दोघांकडून एकेक गुणसूत्र येणार. चौथाई संततीला १अ-१अ, चौथाईला १ब-१ब आणि उरलेल्या निम्म्यांना १अ-१ब. जगतात ती हीच. आणि जगणारा प्रत्येक जीव पुन्हा १अ-१ब असल्यामुळे पुढच्या पिढीतही तेच. या रचनेला संतुलित मारक व्यवस्था म्हणतात. हर्मन मुलर यांनी १९१८ मध्येच फळमाशीत अशी व्यवस्था वर्णिली होती, पण ती प्रयोगशाळेत जोपासलेल्या माश्यांमधली. इथे ती एका संपूर्ण प्रजातीत पसरली आहे. संगमरवरी न्यूटमध्येही ती आहे. पिरेनीज पर्वतातल्या ओढ्यांत राहणाऱ्या कॅलोट्रायटन या त्यांच्या जवळच्या नातलगांत मात्र नाही. म्हणजे हा बिघाड ट्रायटुरसच्या सामाईक पूर्वजात झाला, तुरेवाले आणि संगमरवरी वेगळे होण्याआधी. ही फारकत साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज आहे.

प्रश्न असा की असं काही मुळात सुरू कसं होईल? १अ मध्ये एक घातक दोष आला तर नैसर्गिक निवडीने तो विरळ व्हायला हवा, १ब मधला दोषही तसाच. दोन वेगळे घातक दोष एकाच वेळी संपूर्ण लोकसंख्येत पसरतात, हे पटणारं नव्हतं. कितीतरी वर्षं हे कोडं तसंच पडून होतं.

अलीकडे नेदरलँड्समधल्या लायडनच्या बेन विल्स्ट्रा यांच्या गटाने हजारो जनुकांचा माग काढून हे कोडं बरंच सोडवलं आहे. त्यांनी निरोगी गर्भ आणि दोन्ही प्रकारचे मरणारे गर्भ यांची तुलना केली. तेव्हा दिसलं की १अ वर असलेला जनुकांचा एक मोठा गट १ब वर नाहीच, आणि १ब वरचा दुसरा मोठा गट १अ वर नाही. एखादं जनुक बिघडलेलं नाही, तर अख्खा भागच गायब आहे. ही व्यवस्था नसलेल्या लिसोट्रायटन या दुसऱ्या न्यूटमध्ये मात्र हे दोन्ही गट एकाच गुणसूत्रावर नांदतात.

छापखान्यात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती बांधताना फर्म्यांची अदलाबदल झाली असं समजा. एका प्रतीत पहिला फर्मा दोनदा लागला आणि दुसरा राहिला. दुसऱ्या प्रतीत दुसरा फर्मा दोनदा लागला, पहिला नाही. दोन्ही प्रती जवळ असतील तर वाचकाला सगळा मजकूर मिळतो, एकच असेल तर नाही. गुणसूत्रांमध्ये हे सहज घडू शकतं. पुनरुत्पादक पेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रं शेजारी येतात, तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. दोघं समोरासमोर नेमक्या जागी तुटली तर काहीच बिघडत नाही. जागा चुकल्या तर अदलाबदल असमान होते. विल्स्ट्रा गटाची मांडणी अशी, की अशाच एका असमान अदलाबदलीतून १अ आणि १ब दोन्ही एकदमच जन्मली. म्हणजे दोन दोष वेगवेगळे पसरण्याची गरजच उरत नाही. अशी जोडी लाभलेल्या जीवांची वंशरेषा मूळ न्यूटपासून फटक्यात वेगळी पडली असावी, असंही ते सुचवतात. मला ही मांडणी फार मोलाची वाटते. उत्क्रांती म्हणजे कायम कणाकणाने साचत जाणारा बदल, ही समजूत आपल्या शालेय पुस्तकांनी इतकी घट्ट केली आहे की एका पिढीत एवढी उलथापालथ होऊन ती टिकूही शकते, हे स्वीकारायला आपण बिचकतो.

पण मग पुढे ती दुरुस्त का झाली नाही? १अ आणि १ब यांच्यात पुन्हा एकदा अदलाबदल होऊन सगळी जनुकं एका गुणसूत्रावर आली असती, तर अर्धी संतती वाचली असती. तसं झालं नाही, कारण पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेत, जिथे हा बिघाड आहे, १अ आणि १ब आता एकमेकांशी तुकडे बदलतच नाहीत.

उरतो एक मार्ग, संकराचा, म्हणजे शेजारच्या जातीकडून अखंड गुणसूत्र मिळवण्याचा. आणि न्यूट या बाबतीत मुळीच सोवळे नाहीत. फ्रान्सच्या पश्चिमेला मेयेन भागात तुरेवाला आणि संगमरवरी न्यूट एकाच तळ्यात आढळतात आणि त्यांचा संकर होतो. हे संकरित जीव दिसायला इतके वेगळे की १८६२ मध्ये त्यांना ट्रायटन ब्लासी या नावाने स्वतंत्र जात ठरवण्यात आलं होतं. यान आर्नट्झन आणि ग्रॅहम वॉलिस यांच्या १९९१ च्या अभ्यासानुसार तिथल्या प्रौढ न्यूटमध्ये संकरित सुमारे ४ टक्के. बहुतेकांची आई तुरेवाली. आई संगमरवरी असलेले संकरित मुळात कमी, आणि त्यांत नर जवळपास नसतातच.

हे वाचून जनुकशास्त्रज्ञ जे.बी.एस. हाल्डेन आठवतात. संकरात एका लिंगाची संतती कमी किंवा वांझ निघाली, तर ते लिंग दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं बाळगणारं असतं, हा त्यांचा १९२२ चा नियम. न्यूटमध्ये असं लिंग नराचं, कारण त्याच्याकडे एक्स आणि वाय असतात. हाल्डेन यांच्या पत्नी हेलन स्परवे याच न्यूटच्या संकरांवर काम करत होत्या. १९५१ मध्ये त्यांनी कॅलन यांच्याबरोबर, तेव्हा एकाच जातीचे उपप्रकार समजल्या जाणाऱ्या तुरेवाल्या न्यूटच्या संकरित नरांतलं पेशीविभाजन तपासलं. जोड्या नीट जुळत नव्हत्या, काही गुणसूत्रं एकेकटी राहत होती. तो लेख ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये आला. १९५७ मध्ये हे दांपत्य कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आलं, तेव्हा हे नियतकालिकही त्यांच्याबरोबर भारतात आलं. आज ते बंगळुरूहून निघतं. आपल्याकडे हाल्डेन यांचं नाव घेतलं जातं, स्परवे यांचं फारसं नाही, याची मला खंत वाटते.

बहुतेक संकरित जीव वांझ निघाले तरी थोडी जनुकं पलीकडे झिरपतात. बाल्कन द्वीपकल्पात मॅसेडोनियन न्यूट पसरत गेला आणि त्याने शेजारच्या जातीला मागे रेटलं. रेटताना संकर झाले. आज त्या पट्ट्यातल्या मॅसेडोनियन न्यूटच्या पेशींमध्ये हटलेल्या जातीची तंतुकणिका सापडते. तंतुकणिकेचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे कोणती जात कुठून हटली, हे त्यावरून वाचता येतं. कार्पेथियन पर्वतातल्या लिसोट्रायटन मॉन्टँडोनी या न्यूटचं तर आणखी नवल. त्याचा स्वतःचा तंतुकणिका डीएनए पूर्ण नाहीसा झाला आहे, त्याच्या जागी शेजारच्या गुळगुळीत न्यूटचा आला आहे. केंद्रकातला बहुतांश जनुकसंच मात्र त्याचा त्याचाच. रोगप्रतिकाराशी निगडित एमएचसी जनुकंही या दोन जातींत इकडून तिकडे गेली आहेत.

म्हणजे शेजाऱ्याकडून उपयुक्त जनुक उचलणं न्यूटना जमतं. मग पहिलं गुणसूत्र तेवढं का नाही? कारण ट्रायटुरसच्या दहाही जातींत तोच जुना बिघाड आहे. ज्याच्याशी संकर होऊ शकतो, तो शेजारीही १अ-१ब. संकरित अंड्यात एका जातीचं १अ आणि दुसऱ्या जातीचं १ब आलं, तर गर्भ शेपटीचा कोंब फुटण्याच्या त्या टप्प्यातून वाचतो. दोन्ही १अ आले तर मरतो, जाती कितीही वेगळ्या असल्या तरी. अखंड गुणसूत्र आहे ते प्रजातीबाहेर, आणि तिथपर्यंत निसर्गात यांचा संकर पोचत नाही. माझ्या मते संकर आणि गुणसूत्रांची उलथापालथ हे दोन विषय वेगवेगळे शिकवण्यात तोटा होतो तो इथेच. एकाने केलेलं नुकसान दुसरा भरून काढू शकतो की नाही, हे तो बिघाड कुठल्या फांदीवर, किती आधी झाला यावर ठरतं.

हा प्रश्न आज संवर्धनातही उभा आहे. नेदरलँड्सच्या व्हेलुव भागात माणसाने आणून सोडलेला इटालियन तुरेवाला न्यूट स्थानिक तुरेवाल्याशी संकर करतो आहे. स्थानिक जातीला युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे. संकरित जीव नुसत्या नजरेने ओळखणं अवघड असल्यामुळे जनुकीय तपासणी करावी लागते. आणि तपासणीत संकरित ठरलेल्या न्यूटचं काय करायचं, त्याला तळ्यातून काढायचं की राहू द्यायचं, यावर एकमत नाही. मी काढण्याच्या बाजूने आहे, कारण हा संकर मॅसेडोनियन न्यूटसारखा स्वतःच्या पायांनी चालत आलेला नाही, तो माणसाने घडवला आहे.

पुढच्या आठवड्यात अमेरिकेतल्या अँबिस्टोमा सॅलमँडरकडे जाऊ. तिथे संकरातून केवळ माद्यांची वंशरेषा तयार झाली आहे आणि ती शेजारच्या जातींच्या नरांकडून शुक्राणू घेऊन चालते.