पोरींची हार आणि आमची टेप



या पानावर आम्ही नेहमी लिहितो ते बेणे, खते, पाचट आणि खोडवा यांविषयी. या खेपेला बास्केटबॉलवर लिहिणार आहोत. संपादकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. सगळी हकिकत ऐकल्यावर म्हणाले, "लिहा, पण स्वतःला सोडू नका." सोडलेले नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयाचा मुलींचा संघ ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात उल्हासनगरला एका निमंत्रित स्पर्धेसाठी गेला होता. बारा मुली, त्यांतल्या नऊ सभासदांच्या घरच्या. शारीरिक शिक्षणाचे सर, एक प्राध्यापिका बाई, आणि 'गाडीत कारखान्याचे कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे' अशी पालकांची अट, म्हणून आम्ही. आडसाली लागणी उरकल्या होत्या, पूर्वहंगामीची गडबड पंधरा दिवसांवर होती, गाळपाला अवकाश होता. रजा मिळाली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने थंडीत पोरांना घरात खेळवायला पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, तो हा खेळ. वर्षभरात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. १८९६ मध्ये कॅलिफोर्नियात दोन महाविद्यालयांच्या मुलींचा सामना झाला तो २-१ असा संपला, आणि बघायला पुरुषांना मज्जाव होता! आमच्यासारख्याला तेव्हा गाडीतच बसून राहावे लागले असते. आता रिंग १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर उंच असते. एका बाजूने पाच जणी. समोरच्याने फाऊल केला की काही वेळा फ्री थ्रो मिळतो. ठरलेल्या रेघेमागे उभे राहायचे, कोणी आडवे येत नाही, पाच सेकंदांत चेंडू टाकायचा. पडला की एक गुण. बघणाऱ्याला वाटते, यात काय अवघड आहे. हा फ्री थ्रो लक्षात ठेवा.

मुक्काम अंबरनाथला होता. आपल्या एका सभासदांचे जावई तिथे नोकरीला आहेत, त्यांच्या सोसायटीचा हॉल मिळाला. पहिल्या संध्याकाळी मुलींना शिवमंदिर दाखवून आणले. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चे, शिलाहार राजांच्या काळातले. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम बघताना एका मुलीने विचारले, "काका, एवढं सरळ रेषेत कसं कोरलं असेल?" आम्ही मोठ्या तोऱ्यात ओळंबा, दोरी आणि माप यांवर व्याख्यान दिले. ते व्याख्यान आता आठवले की मान खाली जाते.

अंबरनाथहून उल्हासनगर लोकलने पुढचेच स्टेशन. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा दिली, त्यातून १९४९ साली या गावाला उल्हासनगर नाव मिळाले. वस्त्यांना अजून कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर दोन असेच म्हणतात. आपल्या पोरींना गर्दीचीच धास्ती होती. पण माणसे अगत्याची. समोरच्या संघातल्या एका मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या बाराही जणींना घरचे दाल-पकवान आणून खाऊ घातले आणि वर म्हणाली, "पेटभर खाओ, फिर हारना." मुली हसल्या.

पहिले दोन सामने जिंकले. शुक्रवार, ६ ऑक्टोबरला उपांत्य सामना होता. धावण्यात आपल्या मुली कुठेच कमी नव्हत्या. पास चांगले, चेंडू हिसकावण्यात तर पुढेच. त्यामुळे समोरच्या संघाला फाऊल करावे लागत होते आणि आपल्याला फ्री थ्रो मिळत होते. एकवीस मिळाले. पडले सात. शेवटी नऊ सेकंद राहिले असताना ४८-४६ असे आपण दोन गुणांनी मागे, आणि आपल्या कर्णधार मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही पडले असते तर बरोबरी. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली आला. दुसराही तसाच.

त्या रात्री हॉलमध्ये कोणी बोलले नाही. कर्णधार मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिच्या वडिलांचा फोन आम्हाला आला. सभासद आहेत, चार एकर ऊस आहे. म्हणाले, "साहेब, झालं ना खेळून? आता पुरे म्हणावं. शेवटचं वर्ष आहे, दोन ठिकाणांहून विचारणा आहे." आम्ही 'बघू' म्हटले. खरे तर आम्हालाही वाटले की एवढ्या दूर येऊन हातातला सामना घालवायचा, तर कशाला ही यातायात.

शनिवारी पहाटे अंबरनाथ सोडले. बदलापुरात चहाला थांबलो तेव्हा सात वाजत होते. सर मूळचे कबड्डीचे. त्यांनी मोबाइल चहाच्या टपरीच्या फळीवर उभा केला, कारण चीनमध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत त्याच वेळी महिला कबड्डीचा अंतिम सामना सुरू होता. भारत आणि चिनी तैपेई, म्हणजे तैवान. गटातल्या सामन्यात या दोघांची ३४-३४ अशी बरोबरी झालेली. पुण्याची स्नेहल शिंदे संघात. मुली आधी गाडीतून उतरायलाच तयार नव्हत्या. मग एकेक करून आल्या. सामना २६-२५ असा एका गुणाने भारताने जिंकला. त्या स्पर्धेतले ते भारताचे शंभरावे पदक. टपरीवाल्याने आमच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

कर्णधार मुलगी मात्र म्हणाली, "त्या एका गुणाने जिंकल्या, आम्ही दोन गुणांनी हरलो. त्यांचं वेगळं."

त्यावर सरांनी २०१८ ची गोष्ट काढली. सर एरवी कमी बोलतात. महिला कबड्डी आशियाई खेळांत आली २०१० साली. २०१० ला सुवर्ण आपले, २०१४ लाही आपलेच. आपल्याला कोणी हरवील हे कोणाच्या मनातही नव्हते. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्त्याला अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले. आपल्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या. आणि समोर इराणच्या मुलींना शिकवणारी कोण? नाशिकच्या शैलजा जैन! आयुष्यभर इथे मुलींना कबड्डी शिकवलेली बाई. भारताच्या संघाला शिकवायची इच्छा होती, ते जमले नाही, तेव्हा इराणला गेल्या. तिथली भाषा शिकल्या, शाकाहारी असून परक्या मुलखात निभावले, मुलींना योगासने आणि प्राणायाम लावले.

सर म्हणाले, "त्या दिवशी मी दोन वेळा रडलो. एकदा आपल्या पोरी हरल्या म्हणून आणि एकदा आपलीच बाई जिंकली म्हणून. पण त्या हारीनंतर कुणी नशिबाला बोल लावला नाही. समोरच्यांनी काय जास्त केलं ते शोधलं. आज पाच वर्षांनी हे बघा."

"मग आपण शोधू," बाई म्हणाल्या.

मग टपरीच्या बाकावर पोरींनी आपल्या हारीची छाननी सुरू केली. कोणी म्हणे दम कमी पडला, कोणी म्हणे पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार असून तिचाही बास्केटबॉल संघ याच आठवड्यात हांगझोऊला उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला, मग आपले काय घेऊन बसलात. राखीव खेळाडूंत एक लहानखुरी मुलगी आहे. तिन्ही सामन्यांत तिला मिळून चार मिनिटे खेळायला मिळाले असेल. तिने वहीत प्रत्येक फ्री थ्रोपुढे खूण केली होती. म्हणाली, "चौदा हुकले. त्यातले अकरा आखूड पडलेत. डावी-उजवीकडे कुणाचाच गेला नाही. सर, तिथली रेघ लांब होती."

सर चिडले. आम्हीही सरांची री ओढली. "हरल्यावर रेघ लांब, पंच आंधळे आणि चेंडू जड," असे आम्ही त्या पोरीला सर्वांदेखत म्हणालो. तिने वही मिटली. तिथून खोपोलीचा घाट चढेपर्यंत गाडीत कोणी तोंड उघडले नाही.

ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. शेतकी खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. रानात तुटाळ इकडेतिकडे विखुरलेली असली तर कारण नशीब, पाऊस, हुमणी, काहीही असेल. पण सगळ्या सऱ्यांत एकाच जागी असली, तर कारणही एकच असते. अकरा चेंडू आखूड पडले होते.

रविवारी, ८ ऑक्टोबरला सकाळी कोणाला न सांगता टेप घेऊन महाविद्यालयाच्या मैदानावर गेलो. नियम असा की फ्री थ्रोची रेघ बोर्डापासून ४.६० मीटरवर पाहिजे. बोर्ड खांबाच्या पुढे आलेला असतो, तेव्हा माप बोर्डाच्या तोंडापासून ओळंबा सोडून घ्यायचे. खांबाच्या बुंध्यापासून मोजले, बरोबर ४.६०. बोर्डापासून ओळंबा सोडून मोजले, ३.५५. दुसऱ्या टोकालाही तेच. एक मीटर पाच सेंटिमीटरचा फरक, म्हणजे जवळजवळ साडेतीन फूट, म्हणजे उसाची एक सरी. दीड वर्ष आपल्या मुली एक सरी जवळून फ्री थ्रोचा सराव करीत होत्या. धावता धावता चेंडू टाकताना रेघेशी संबंध नसतो, तिथे त्या चुकत नव्हत्या. रेघेवर उभ्या राहिल्या की हात सवयीचा जोर लावी आणि चेंडू आखूड पडे.

तालुक्याच्या सामन्यांना आपल्याकडे आलेले पाहुणे संघ फ्री थ्रो रिंगच्या पलीकडे बोर्डावर आपटत, तेव्हा आपण कडेला बसून हसत होतो, हेही तेव्हाच आठवले.

आता खरे सांगायचे ते. ही आखणी मे २०२२ मध्ये झाली. कारखान्याने काँक्रीटला मदत केली होती, आणि मोजणी कोणी करावी असे निघाले तेव्हा 'क्षेत्र मोजणारी माणसे आपलीच आहेत की' म्हणून शेतकी खाते पुढे झाले. आमच्या ऑफिसातला कारकून कागदावरून मापे वाचत होता. तो 'बोर्डापासून' असे वाचत होता, हेही आठवते. टेपचे शून्याचे टोक खांबाला धरून उभे होतो ते आम्ही. ऊन मी म्हणत होते, आणि वर बोर्डाला टेप लावायला शिडी आणायचा कंटाळा आला. एवढेच कारण. यापेक्षा मोठे कारण असते तर लिहायला बरे वाटले असते.

आता सभासद विचारतील की पोरींची रेघ अशी मोजणारे साहेब आमच्या उसाच्या नोंदी कशा मोजतात! ज्यांना शंका असेल त्यांनी अर्ज द्यावा, फेरमोजणी करून देऊ. हे थट्टेने लिहिलेले नाही.

पहिल्यांदा गेलो त्या लहानखुऱ्या मुलीच्या घरी. तिला सांगितले, "पोरी, तुझं बरोबर होतं. चूक आमची." ती म्हणाली, "काका, मला वाटलंच होतं. पण इथली रेघ जवळ आहे हे नव्हतं सुचलं." आणि वही आणायला आत पळाली.

मग कर्णधार मुलीच्या घरी. वडील ओसरीवर होते. सगळे ऐकून घेतले. बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, पोरगी चुकली नव्हती."

आम्ही म्हटले, "नव्हती."

तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली. "दादा, तसं नाही," ती वडिलांना म्हणाली. "पहिले दोन-तीन आखूड पडले तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. जोर वाढवायचा होता. समोरच्या मुली तिथंच उभ्या राहून टाकत होत्या ना. मी शेवटपर्यंत घरच्यासारखाच टाकत राहिले." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. रेघेची चूक आमची; पण ती म्हणते तेही खोटे नाही, आणि ते तिच्याकडून आम्ही काढून घेऊ शकत नाही.

वडिलांनी त्या दिवशी हो किंवा नाही काहीच सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही, सर आणि दोन शेतमदतनीस रंगाचा डबा, शिडी आणि ओळंबा घेऊन मैदानावर गेलो. मुली आधीच झाडून बसल्या होत्या. थोड्या वेळाने कर्णधार मुलीचे वडील सायकलवरून आले. स्वतःची टेप घेऊन आले होते. आमच्या टेपवर आता भरवसा नसावा, आणि नसला तर बरोबरच आहे. ते शिडीवर चढले, बोर्डाला ओळंबा लावला आणि वरून ओरडले, "धरा शून्य, साहेब. नीट धरा."

मुलगी मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे महाविद्यालय संपेपर्यंत खेळली. नव्या रेघेवरून सुरुवातीला दहात दोन पडायचे. तीन आठवड्यांनी पाच-सहा पडू लागले. जुनी रेघ काळ्या रंगाने पुसली आहे, पण पावसाने रंग उडाला की ती खालून पुन्हा दिसते. नव्या आलेल्या मुली विचारतात ही कसली रेघ. त्यांना आम्हीच जाऊन सांगतो.